प्लाझ्मा देण्याआधीचे खाणेपिणे: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशी सोडून उरणारा पिवळसर द्रव, द्यायला आलेल्या नवख्या दात्याला सुई टोचण्याआधीच परत पाठवतात, तेव्हा त्याचे कारण पुष्कळदा आधीच्या खाण्यापिण्यात असते. प्रथिने कमी भरतात, हिमोग्लोबिन थोडक्यात हुकते, नाडी शंभराच्या वर जाते. सुई लागल्यावर मधेच घाम फुटणे, ओठांना मुंग्या येणे, मशीन सारखे थांबणे यांतलेही बरेच काही आधीच्या ताटात आणि पाण्याच्या पेल्यात ठरलेले असते.

सकाळी पोटभर खाल्ले, वर दोन पेले पाणी प्यायले की झाली तयारी, असे अनेकांना वाटते. तेवढ्याने भागत नाही. पाणी एक-दोन दिवसांत भरून येते. खाल्लेली चरबी रक्तातून निघून जायला अर्धा दिवस घेते. प्रथिनांची पातळी मागच्या काही आठवड्यांच्या जेवणावर ठरते आणि लोहाची मागच्या काही महिन्यांच्या. त्यामुळे काय खायचे याइतकेच किती आधी खायचे हेही महत्त्वाचे आहे. पुढचे सगळे त्याच क्रमाने सांगितले आहे.

पिशवीत नेमके काय जाते

रक्ताचा साधारण ५५ टक्के भाग प्लाझ्मा असतो आणि त्या प्लाझ्मात ९० टक्क्यांहून थोडे जास्त पाणी. उरलेल्यात मोठा वाटा प्रथिनांचा: अल्ब्युमिन, रोगांशी लढणारी प्रतिपिंडे, रक्त गोठवणारे घटक. प्लाझ्मापासून औषधे बनतात ती याच प्रथिनांमुळे.

कोपराच्या आतल्या बाजूच्या शिरेतून मशीन थोडे रक्त ओढते, ते गोठू नये म्हणून त्यात सोडियम सायट्रेट मिसळते, वेगाने फिरवून प्लाझ्मा वेगळा करते आणि तांबड्या पेशी बहुधा त्याच सुईतून परत सोडते. अशा अनेक फेऱ्या होतात. सुई लागल्यापासून निघेपर्यंत साधारण पाऊण ते दीड तास जातो. पहिल्या खेपेला वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रे धरून दोन तास किंवा त्याहून जास्त वेळ हाताशी ठेवा, कारण आधीचे खाणे कधी संपवायचे हे या वेळेवर ठरते.

किती प्लाझ्मा घ्यायचा हे तुमच्या वजनावर आणि त्या ठिकाणच्या नियमांवर अवलंबून असते. ७०० मिलिलिटर धरून हिशेब करू. त्यात साधारण ६४० मिलिलिटर पाणी, ४५ ते ५० ग्रॅम प्रथिने आणि जवळजवळ एक चहाचा चमचा भरेल इतके मीठ असते. साठ किलोच्या निरोगी माणसाला दिवसभरात सुमारे ४८ ग्रॅम प्रथिने लागतात, किलोमागे ०.८ ग्रॅम या हिशेबाने. म्हणजे एका बैठकीत अख्ख्या दिवसाच्या जेवणाइतकी प्रथिने पिशवीत जातात. काही केंद्रांत शेवटी शिरेतून सलाइन देतात. त्याने पाणी आणि मीठ बरेचसे भरून निघते, प्रथिने मात्र भरून निघत नाहीत. ती जेवणातूनच यावी लागतात.

तपासणीच्या टेबलावर काय बघतात

बोटाच्या टोकाला टोचून रक्ताचे एक-दोन थेंब घेतात. बऱ्याच केंद्रांत हे रक्त बारीक काचेच्या नळीत भरून ती नळी छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये काही मिनिटे फिरवतात. बाहेर काढल्यावर नळीत खाली तांबड्या पेशींचा गच्च थर आणि वर पिवळसर, आरपार दिसणारा द्रव असतो. तांबडा थर एकूण उंचीच्या किती टक्के आहे, त्यावरून हिमॅटोक्रिट ठरते. मग वरच्या द्रवाचा, म्हणजे प्लाझ्माचा, एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या (द्रवात प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या उपकरणाच्या) काचेवर ठेवून प्रथिने मोजतात. काही ठिकाणी हिमॅटोक्रिटऐवजी छोट्या यंत्रावर हिमोग्लोबिन बघतात.

एकूण प्रथिने दर डेसिलिटरला किमान ६ ग्रॅम असावी लागतात. हिमोग्लोबिनची किमान मर्यादा अनेक ठिकाणी स्त्रियांसाठी १२.५ आणि पुरुषांसाठी १३ ग्रॅमच्या आसपास असते. नाडी साधारण ५० ते १०० च्या दरम्यान हवी, ताप नको, रक्तदाब मर्यादेत हवा. नेमके आकडे ठिकाणागणिक थोडे बदलतात, म्हणून वेळ ठरवतानाच ते विचारून घ्या. हे आकडे माहीत असले की खाण्यापिण्यातली कोणती गोष्ट कोणत्या तपासणीसाठी आहे ते आपोआप कळते.

तीन-चार आठवडे आधी: प्रथिने आणि लोह

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. आदल्या रात्री प्रथिनांच्या पावडरचे दोन मोठे चमचे दुधात घालून प्यायचे आणि सकाळी आकडा वर येईल अशी आशा करायची. तो येत नाही. यकृत दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम अल्ब्युमिन बनवते आणि बनलेले अल्ब्युमिन रक्तात आठवडेच्या आठवडे फिरत राहते. प्रतिपिंडांचेही तसेच. तुमची आजची पातळी म्हणजे मागच्या दोन-तीन आठवड्यांची बेरीज-वजाबाकी. एका रात्रीत तिला फारसा धक्का लागत नाही, वरही नाही आणि खालीही नाही.

नेहमी प्लाझ्मा देणार असाल तर दिवसाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हे सोपे आणि पुरेसे लक्ष्य आहे. साठ किलोसाठी ६० ते ७२ ग्रॅम. ताटातल्या वस्तूंत हे असे बसते:

एक अंडे: ६ ग्रॅम
एक मोठा पेला दूध, २५० मिलिलिटर: ८ ग्रॅम
शिजवलेले चिकन, १०० ग्रॅम, कातडी काढून: २५ ते ३० ग्रॅम
शिजवलेले मासे, १०० ग्रॅम: २० ते २५ ग्रॅम
शिजवलेली घट्ट मसूर, एक कप: १५ ते १८ ग्रॅम
सोयाबीनचे वाळवलेले तुकडे, ३० ग्रॅम: १५ ग्रॅम
दही, १०० ग्रॅम: ३ ते ४ ग्रॅम
शेंगदाणे, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम: ७ ते ८ ग्रॅम, पण सोबत १४ ग्रॅमांहून जास्त चरबी

यादीतला 'घट्ट' हा शब्द सोडू नका. पातळ डाळीच्या वाटीत पाणीच जास्त असते आणि प्रथिने चार-पाच ग्रॅमही भरत नाहीत. शाकाहारी दात्यांचा आकडा कमी येतो तेव्हा हे एक नेहमीचे कारण असते: डाळ रोज खातात, पण ती पातळ असते. डाळ घट्ट करा, दिवसातून दोनदा खा आणि दूध, दही किंवा सोया यांपैकी एक काहीतरी रोज ठेवा. डाळीत जी अमायनो आम्ले कमी असतात ती धान्यात असतात, आणि धान्यातली उणीव डाळ भरून काढते. दोन्ही एकाच घासात हवीत असे नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेली की पुरे.

पावडरने नुकसान नाही, पण ती गरजेचीही नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

लोहाबद्दल लोक म्हणतात की तांबड्या पेशी तर परत मिळतात, मग काळजी कसली? बहुतेक पेशी परत येतात हे खरे. तरी प्रत्येक वेळी थोडे रक्त नळ्यांत आणि मशीनच्या भांड्यात राहून जाते, तपासणीच्या नमुन्यांतही जाते. वरचेवर देणाऱ्यांच्या बाबतीत हे साचत जाते. ज्यांना मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होतो त्यांनी तर याकडे विशेष लक्ष द्यावे. शरीर लोहाचा साठा हळूहळू भरते, त्यामुळे हिमोग्लोबिन काठावर असेल तर एक-दोन महिन्यांचा विचार करावा लागतो.

मांस, कलेजी आणि मासे यांतले लोह शरीरात सहज शोषले जाते. कडधान्ये, पालेभाज्या आणि तीळ यांतले लोह शोषायला मदत लागते. ती मदत क जीवनसत्त्व करते: जेवणातच लिंबू पिळा, किंवा सोबत पेरू, संत्रे, कच्ची ढोबळी मिरची असे काही घ्या. कडधान्ये भिजवून मोड आणली तर लोह अडवून धरणारे फायटेट कमी होते. जेवणाला लागून चहा-कॉफी घेतली तर त्यातले टॅनिनसारखे घटक हेच लोह बांधून ठेवतात, म्हणून मधे किमान तासाभराचे अंतर ठेवा. दुधातले कॅल्शियमही लोहाच्या आड येते. त्यामुळे लोहाचे जेवण वेगळे आणि दुधाचा पेला वेगळ्या वेळी, अशी सवय लावून घ्यावी. लोहाच्या गोळ्या मात्र रक्त तपासून, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्या.

दोन दिवस आधी: पाणी आणि मीठ

इथून पाण्याचा हिशेब सुरू होतो. नेहमी जेवढे पिता त्याहून दिवसाला दोन-तीन पेले जास्त प्या, पण दिवसभरात वाटून. लघवी फिकट पिवळी होत असेल तर बरोबर चालले आहे. गडद असेल तर कमी पडते आहे. बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असाल तर लघवी तशीही भडक पिवळी दिसते, तेव्हा या खुणेवर भिस्त ठेवू नका.

शरीरात पाणी कमी असले की शिरा बारीक आणि मऊ लागतात. सुई नीट बसली तरी मशीनने ओढल्यावर शीर आत खेचली जाऊन सुईच्या तोंडावर बसते, प्रवाह अडतो आणि मशीन टूंटूं करून थांबते. पाऊण तासाचे काम दीड तासावर जाते आणि हाताला निळा डाग पडण्याची शक्यता वाढते. पाणी कमी असल्याने रक्त घट्ट झाले तर प्रथिनांचा आणि हिमॅटोक्रिटचा आकडा खोटा वर दिसतो. काठावरच्या माणसाला तो आकडा बघून हायसे वाटते, पण त्याच माणसाला पुढे खुर्चीत भोवळ येण्याचा धोका जास्त असतो. आकडा वाढवण्यासाठी पाणी कमी पिण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

मिठाबद्दल: रक्तदाब नेहमीसारखा असेल तर या दोन दिवसांत जेवणात मीठ हात आखडून घालू नका. सोडियम असेल तरच प्यायलेले पाणी रक्तात टिकते, नाहीतर ते लघवीवाटे लवकर निघून जाते. ज्यांचा रक्तदाब वाढलेला असतो, ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे किंवा डॉक्टरांनी ज्यांचे पाणी मोजून दिले आहे, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा आणि स्वतःच्या डॉक्टरांचे ऐकावे.

दारू किमान चोवीस तास आधी बंद. ती लघवी वाढवते आणि रक्तवाहिन्या सैल करते. दोन्हींमुळे चक्कर येण्याची वाट मोकळी होते.

आदला दिवस: तळकट बंद

तेल, लोणी, साय असे काही खाल्ले की ती चरबी सूक्ष्म थेंबांच्या रूपाने रक्तात उतरते. जेवणानंतर तीन-चार तासांनी हे प्रमाण सर्वांत जास्त असते आणि पूर्ण ओसरायला आठ ते बारा तास लागू शकतात. या काळात घेतलेला प्लाझ्मा फिकट पिवळा आणि स्वच्छ दिसत नाही, पाण्यात दूध मिसळावे तसा गढूळ दिसतो. पिशवीमागे बोट धरले तर बोट दिसत नाही.

असा प्लाझ्मा बहुधा फेकून द्यावा लागतो. रक्ताच्या अनेक चाचण्या प्रकाश द्रवातून आरपार जाण्यावर चालतात. गढूळ नमुन्यात प्रकाश विखुरतो आणि निकाल भरवशाचा राहत नाही. टेबलावरचा रिफ्रॅक्टोमीटरही चरबीने फसतो. म्हणजे तुमचा वेळ, सुईचे दुखणे आणि त्या पन्नास ग्रॅम प्रथिनांचे दान, सगळे एका तळलेल्या जेवणापायी वाया जाते. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

वेळ सकाळची असेल तर आदल्या रात्रीचे जेवण हलके हवे. वेळ दुपारची किंवा संध्याकाळची असेल तर त्या दिवशीची न्याहारी आणि दुपारचे जेवण दोन्ही सांभाळा. पूर्णपणे बिनतेलाचे खायची गरज नाही. एका जेवणात तेल, लोणी वगैरे मिळून दोन चहाचे चमचे, फार तर तीन, एवढ्यात भागवा.

उघड तळलेले पदार्थ सगळेच टाळतात. फसवतात ती लपलेली चरबी असलेली खाणी: चीज, साईचे दूध, नारळाचे दूध, केक, बिस्किटे, मेयोनीज. आणि बदाम, अक्रोड, शेंगदाणे, ॲव्होकॅडो असे 'आरोग्यदायी' म्हणून भरभरून खाल्ले जाणारे पदार्थही. ते एरवी उत्तम आहेत. मात्र त्यांतली चरबी चांगल्या प्रतीची असली तरी रक्तात उतरल्यावर प्लाझ्मा तितकाच गढूळ करते. त्या एका दिवसापुरते ते बाजूला ठेवा.

झोप सात-आठ तास घ्या. जागरणानंतर रिकाम्या पोटी गेलेल्याला भोवळ लवकर येते. आदल्या दिवशी आणि त्या सकाळी जोराचा व्यायाम नको. घामातून पाणी-मीठ जाते, आणि कसून व्यायाम केल्यावर काही काळ लघवीतून थोडी प्रथिने जाऊ शकतात. पहिल्या वैद्यकीय तपासणीत लघवी बघत असतील तर तिथे विनाकारण अडकाल.

त्या दिवशी: शेवटचे जेवण

वेळेच्या दोन ते तीन तास आधी पूर्ण जेवण करा. उपाशीपोटी जाऊ नका. चरबीच्या भीतीने काही न खाता जाणे ही नवख्यांची दुसरी मोठी चूक. साखर उतरलेली, पोट रिकामे आणि त्यात अर्ध्या लिटरहून जास्त द्रव शरीराबाहेर, यातून गरगरणे अगदी ठरलेले.

ताट असे असावे: पोटभर होईल इतका भात, ओट्स, पाव किंवा उकडलेले बटाटे, सोबत घट्ट डाळ किंवा एक-दोन उकडलेली अंडी किंवा भाजलेले मासे-चिकन, एक फळ, आणि साय काढलेले दूध किंवा दही. पिष्टमय पदार्थ हळूहळू साखर पुरवत राहतात, प्रथिनांनी भूक लवकर लागत नाही. नुसते गोड पेय किंवा मिठाई खाऊन गेलात तर साखर झटकन चढते आणि तासाभरात, नेमकी तुम्ही खुर्चीत असताना, उतरते.

दूध-दही यादीत आहे त्यामागे कारण आहे. रक्त गोठू न देणारे सायट्रेट हे काम रक्तातले कॅल्शियम बांधून करते. पेशी परत येताना थोडे सायट्रेटही शरीरात येते आणि काही वेळापुरते मोकळे कॅल्शियम कमी होते. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, तोंडात धातूसारखी चव लागते. यकृत, स्नायू आणि मूत्रपिंडे सायट्रेट लवकर मोडून टाकतात, त्यामुळे हे टिकत नाही. दुधाच्या पेल्याने मुंग्या येणारच नाहीत असे नाही, पण आहारात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व रोजच पुरेसे असेल तर त्रास सौम्य राहतो. दूध पचत नसेल तर कॅल्शियम घातलेले सोयाचे दूध किंवा टोफू चालेल.

मधुमेह असेल आणि केंद्राने परवानगी दिली असेल तर गोळ्या आणि जेवण नेहमीच्या वेळी घ्या. कोणतेही चालू औषध दान देण्यासाठी परस्पर थांबवू नका. औषधांची नावे लिहून न्या.

रोज चहा-कॉफी पिणाऱ्याने एक कप घ्यायला हरकत नाही. अजिबात न घेतल्यास काहींचे डोके दुखते. दोन-तीन कप आणि एनर्जी ड्रिंक मात्र नको, नाडी शंभराच्या वर जाऊन तिथेच अडायला होते. सिगारेट किमान तासभर आधी आणि नंतरही नको. जुलाब, उलट्या, ताप यांपैकी काही झाले असेल तर त्या दिवशी जाऊच नका. वेळ पुढे ढकला.

शेवटचा अर्धा तास

जेवणापासून निघेपर्यंत अर्धा लिटर पाणी पोटात गेलेले असावे. मग सुई लागण्याआधी वीस-तीस मिनिटे आणखी अर्धा लिटर, पाच मिनिटांत. या दुसऱ्या अर्ध्या लिटरचे काम वेगळे आहे. पोट एकदम पाण्याने भरले की मज्जासंस्था रक्तवाहिन्या किंचित आवळते आणि रक्तदाब थोडा आधार धरतो. हा परिणाम साधारण तासभर टिकतो. पहिल्यांदा जाणारे, तरुण, कमी वजनाचे आणि आधी कधी रक्त बघून भोवळ आलेले, यांनी हे चुकवू नये. सोबत दोन-चार खारट बिस्किटे खाल्ली तर बरे, फक्त कमी तेलाची निवडा.

याहून जास्त प्यायचे कारण नाही. एका दमात दोन-तीन लिटर पाणी पिऊन रक्तातले सोडियम उतरते, डोके दुखते, मळमळते. शिवाय तासभर हात हलवता येत नाही अशा खुर्चीत लघवीला लागणे हा मोठाच छळ असतो. नाव पुकारण्याआधी लघवीला जाऊन या.

तोंडात थर्मामीटर ठेवून ताप बघत असतील तर आधीची पंधरा मिनिटे गरम किंवा बर्फाचे काही पिऊ नका. नुकत्याच प्यायलेल्या गरम चहाने आकडा वर जातो. धावतपळत, जिने चढून आला असाल तर दहा मिनिटे शांत बसून मगच नाडी मोजायला द्या. परत येणारे रक्त थोडे थंड असते, म्हणून अंगात उबदार पण बाही सहज वर सरकेल असे काही घाला.

खुर्चीत

रक्त ओढले जात असताना मूठ सावकाश आवळा-सोडा. परत येत असताना हात सैल ठेवा. पायाची घडी घालून मांड्या आणि पोटऱ्या मधूनमधून काही सेकंद आवळल्या तर पायात साचणारे रक्त वर येते आणि गरगरायला कमी होते.

मुंग्या सुरू झाल्या की लगेच सांगा. परत सोडण्याचा वेग कमी केला किंवा कॅल्शियमची चघळायची गोळी दिली की बहुतेकांना काही मिनिटांत बरे वाटते. 'थोडेच राहिले आहे' म्हणून सहन करत बसलात तर मुंग्या हातभर पसरतात, थंडी वाजते, स्नायू आखडू लागतात आणि प्रक्रिया मधेच थांबवावी लागते. मशीनमध्ये गेलेल्या तांबड्या पेशी परत देता आल्या नाहीत तर पुढची तारीख काही आठवड्यांनी लांबवतात. अचानक जांभया येणे, कपाळावर गार घाम, कानात आवाज, मळमळ ही भोवळ येण्याची पूर्वसूचना. त्याही वेळी गप्प राहू नका. खुर्ची मागे झुकवली की बरेच काम होते.

उठल्यानंतर

पंधरा मिनिटे तिथेच बसा. पहिल्या तासात अर्धा लिटर पाणी किंवा साधे ओआरएस, थोडे गोड, थोडे खारट. दोन तासांच्या आत नीट जेवण, आता तेलाची भीती नाही. पट्टी चार-सहा तास राहू द्या, त्या हाताने दिवसभर जड उचलू नका. कडक गरम पाण्याने अंघोळ आणि दारू त्या दिवशी टाळा, दोन्हींनी रक्तवाहिन्या सैलावतात आणि भोवळ काही तासांनी, घरी एकटे असतानाही येऊ शकते.

पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो. प्रथिनांना जास्त दिवस लागतात. आठवड्यातून एकदा देत असाल तर गेलेली पन्नास ग्रॅम सात दिवसांत वाटली की रोज साधारण सात ग्रॅम जास्त, म्हणजे एक अंडे किंवा एक पेला दूध. आठवड्यातून दोनदा देण्याची परवानगी जिथे आहे तिथे हेच रोज चौदा ग्रॅम होते. परवानगी आहे म्हणून ती पूर्ण वापरलीच पाहिजे असे नाही. प्रतिपिंडे अल्ब्युमिनपेक्षा सावकाश भरतात, तेव्हा अंतर जितके जास्त तितके शरीराला सोपे.

परत पाठवले तर

आकडा विचारून, तारखेसह लिहून ठेवा. प्रथिने ५.८ आली असतील तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाण्यात अर्थ नाही. दोन-तीन आठवडे वर सांगितल्याप्रमाणे खाऊन मग जा. तरीही कमीच आली, किंवा पायांवर सूज असेल, लघवीला फेस येत असेल, तर डॉक्टरांकडे जा. यकृत किंवा मूत्रपिंडाच्या तक्रारी अशाही समोर येतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर फेरिटिनची चाचणी करून घ्यावी, लोहाचा साठा किती उरला आहे ते त्यातून कळते. प्रथिने किंवा हिमॅटोक्रिट जास्त आल्यामुळे परत पाठवले असेल तर बहुधा पाणी कमी पडले आहे, दोन दिवस नीट पिऊन पुन्हा बघा. प्लाझ्मा गढूळ आला असेल तर आदल्या बारा तासांत काय खाल्ले ते आठवा. बारा तास तळकट टाळूनही पुन्हा तसाच आला तर उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, तपासून घ्या.

आणि दर खेपेचे आकडे एका वहीत एकाखाली एक लिहीत जा. ७.२, ६.९, ६.६, ६.३ असे ते घसरत असतील तर अजून कुणी परत पाठवलेले नसले तरी पुढच्या दोन-तीन खेपा सोडा, ताट सुधारा आणि आकडा सात ग्रॅमच्या आसपास आला की पुन्हा सुरू करा.